नाव-छाप सूत

बैकुंठबाबूंनी बोट ठेवलं ते चुकीच्या चित्रावर. ठेवताना ते जरासुद्धा अडखळले नाहीत. सकाळची वेळ, दुकानात तीन-चार गिऱ्हाइकं, समोर गादीवर अ‍ॅटर्नीचा कारकून तारक घोषाल मांडी घालून बसलेला, आणि दोघांच्या मध्ये तळहाताएवढे दोन रंगीत कागद. दोन्ही कागदांवर नदी, नदीत नाव, मागे ताडाची झाडं, झाडांमागे अर्धा सूर्य. यातलं हॅलिबर्टन कोठीचं खरं चित्र कोणतं, असं कारकुनाने विचारलं होतं. बैकुंठबाबू मनातल्या मनात हसलेही होते. इतकी वर्षं रोज डोळ्यांखालून जाणारं चित्र, त्याची काय परीक्षा द्यायची? पान चघळत चघळत त्यांनी उजवीकडच्या कागदावर बोट टेकवलं. तारक घोषालने आधी बोटाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे, आणि त्याच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला की आपलं उत्तर बरोबर आलं असंच बैकुंठबाबूंना वाटलं. "बसाकबाबू," तो म्हणाला, "जरा नावाडी मोजा." त्यांनी मोजले. बोटाखालच्या नावेत दोन नावाडी होते. डावीकडच्या नावेत एकच होता, एकटाच वल्हं मारत होता, आणि तो एकटा आहे हे बैकुंठबाबूंना आयुष्यात पहिल्यांदा दिसलं. "कोर्टात अगदी असंच करा," कागद गोळा करत तारक म्हणाला. "असंच, न अडखळता. सबंध सूतापट्टीचा पारखी फसतो म्हटल्यावर बाकीच्यांची काय कथा?" शेजारच्या दुकानाचा रसिक दत्त दारात उभा राहून हे सगळं बघत होता. दुपारपर्यंत बडाबाजारातल्या दहा दुकानांत लोक एकमेकांना नावाडी मोजायला सांगत होते.

खटला हायकोर्टात पडला होता, नदीकाठच्या त्या नव्या मनोऱ्याच्या इमारतीत. हॅलिबर्टन साहेबांची कोठी विलायतेहून पक्क्या तांबड्या रंगाचं सूत आणी. पुडक्यावर ते नावेचं चित्र असे, आणि शांतिपूरपासून ढाक्यापर्यंतचे विणकर त्याला नावेचं सूत म्हणत. इंग्रजी अक्षरं कुणाला वाचता येत नव्हती आणि वाचायची गरजही नव्हती. गेल्या वर्षी एका ग्रीक कोठीने तसल्याच चित्राचं, तसल्याच आकाराचं पुडकं बाजारात आणलं. रंग कच्चा. दुर्गापूजेच्या हंगामात साड्या धुतल्या आणि तांबडे काठ पांढऱ्यात उतरले. आता हॅलिबर्टनचं म्हणणं असं की हे चित्र आमचं, ते चोरून लोकांना फसवलं. आणि ग्रीकांचं म्हणणं असं की नाव काय कुणाच्या बापाची, गंगेत हजार नावा आहेत, शिवाय ज्याला डोळे आहेत त्याला आमचे दोन नावाडी दिसतात. म्हणजे हॅलिबर्टनला हवा होता एक फसलेला माणूस. साधासुधा फसलेला नको, नामांकित फसलेला हवा. त्यासाठी बैकुंठबाबूंचं नाव सुचवलं होतं माधव मल्लिकांनी. मल्लिकबाबू कोठीचा सगळा माल बाजारात उतरवत, आणि बैकुंठबाबूंच्या दुकानात नावेचं सूत पहिल्यांदा आलं ते त्यांच्याच शब्दावर.

त्या दिवशी संध्याकाळी जोडाबागानकडे घरी चालत जाताना बैकुंठबाबूंचं लक्ष पुन्हा पुन्हा उजव्या हाताकडे जात होतं. हात अंगरख्याच्या बाहीत लोंबत होता आणि तो आपला नसून कुणीतरी सांभाळायला दिलेला असल्यासारखा वाटत होता. चितपूर रस्त्यावर घोड्यांची ट्राम अडकली होती, भिस्ती पाणी मारून गेला होता, ओल्या धुळीचा वास उठला होता, आणि या सगळ्यातून ते बोटाला बोट घासत चालले होते. चित्र ओळखू आलं नाही याचं त्यांना खरं म्हणजे वाईट वाटत नव्हतं. चित्र त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. त्यांचे वडील म्हणत, सूत बघायचं नसतं, विचारायचं असतं. अंगठा आणि करंगळीच्या शेजारचं बोट यांच्यामध्ये धागा धरायचा, कारण ते बोट कुठल्याच कामाला लागत नाही, त्याची कातडी जन्मभर लहान मुलासारखी राहते. मग धागा हळूच फिरवायचा आणि गप्प राहायचं. वडील गप्प राहत तेव्हा दुकानातली गिऱ्हाइकंही गप्प होत. पक्क्या तांबड्या सुताला तेलाचा एक खवट वास असतो, अंगाला एक ओशटपणा असतो. रंगवताना त्याला तेलात इतक्या वेळा बुचकळतात की ते तेल पुढे कशानेच जात नाही. हे सगळं त्या बोटाला माहीत होतं. मग ग्रीकांचं ते पुडकं दुकानात आलं तेव्हा त्या बोटाने काय सांगितलं? गेल्या आषाढात पुडकं आलं, ते आपण उघडलं, निमाईला दिलं. यापलीकडे त्यांना काही आठवेना. जिथे काहीतरी असायला हवं होतं तिथे पुसलेल्या पाटीसारखं कोरडं काळं काहीतरी होतं.

निमाई मात्र आठवत होता, आणि नको तितका स्पष्ट. निमाई, आडनाव प्रामाणिक, शांतिपूरचा विणकर. त्याचा बापही बैकुंठबाबूंकडूनच सूत नेत असे. निमाई कधी पुडकं उघडून बघत नसे. बैकुंठबाबूंनी हात लावला आहे ना, मग झालं, असं म्हणून गाठोडं डोक्यावर घेई. लक्ष्मीपूजा होऊन गेल्यावर एका दुपारी तो आला आणि त्याने गादीवर एक साडी पसरली. कुणातरी जमीनदाराच्या घरच्या लग्नाची होती, अशा कितीतरी त्याने, त्याच्या भावांनी आणि बायकांनी मिळून तीन महिने विणल्या होत्या. काठावर माशांची ओळ होती, फार बारीक काम, आणि प्रत्येक माशाच्या पोटाखालून गुलाबी पाणी पांढऱ्या अंगावर ओघळून सुकलं होतं. निमाई भांडला असता तर बैकुंठबाबूंनाही भांडता आलं असतं. तो म्हणाला, "काका, तुम्हालाही फसवलं त्यांनी." आणि उलट त्यांनाच पाणी आणून दिलं. नंतर गावात त्याला दोन माग विकावे लागले, धाकटा भाऊ हावड्याच्या ज्यूटच्या गिरणीत गेला, हे सगळं कानावर येत होतं. पण तो स्वतः जेव्हा जेव्हा येई तेव्हा तेच वाक्य बोले, तुम्हालाही फसवलं. ते वाक्य ऐकलं की बैकुंठबाबूंना बरं वाटे, आणि बरं वाटून झालं की आत कुठेतरी एखादा दरवाजा वाऱ्याने हलावा तसं काहीतरी हले.

पुढच्या आठवड्यात त्यांना अ‍ॅटर्नीच्या कचेरीत बोलावलं. मल्लिकबाबू खुर्चीत बसले होते, शालीची घडी मांडीवर. साहेब अ‍ॅटर्नी एकीकडे काहीतरी लिहीत होता आणि तारक घोषाल त्याच्या वतीने समजावत होता. काम सोपं होतं. पुडकं आलं, मी चित्र पाहिलं, हॅलिबर्टनचं समजून घेतलं आणि हॅलिबर्टनचं म्हणून विकलं. एवढंच बोलायचं. त्यापुढे समोरचा बॅरिस्टर काहीही विचारो, हेच. "सूत हाताळलं होतंत का, असं विचारलं तर?" बैकुंठबाबूंनी विचारलं. तारकने मल्लिकबाबूंकडे पाहिलं. मल्लिकबाबू शालीवरून हात फिरवत म्हणाले की इतक्या वर्षांचा विश्वासाचा माल, तो कोण कशाला हाताळत बसेल, चित्र पाहिलं की झालं. मग हसून म्हणाले, "बैकुंठ, कोर्टात थोडं आंधळं व्हायचं आहे, बस. बाहेर आलास की डोळे आहेतच." सगळे हसले. बैकुंठबाबूही हसले. जिना उतरताना त्यांच्या लक्षात आलं की आंधळं होण्याचं आपल्याला दुःख नाही. रसिक दत्त चार दिवस चिडवील, मग लोक विसरतील. उलट आंधळं असण्यात एक सोय आहे. आंधळ्याला निमाई पाणी आणून देतो.

रसिक दत्तावरून त्यांना चैत्र आठवला. पुडकं आलं त्याच्या आधीचा चैत्र. मल्लिकांच्या बैठकीत चार जण जमले असताना कुणीतरी सुताची एक लड पुढे केली आणि बैकुंठबाबूंनी ती बोटात धरून तिचा नंबर, म्हणजे सुताचा बारीकपणा, सांगितला. चुकला. थोडाथोडका नाही, चांगलाच चुकला. रसिक तेव्हा म्हणाला होता, "दादा, आता हाताला चष्मा लावून घ्या." लोक हसले तेव्हा तेही हसले होते, पण घरी येऊन त्यांनी देवघरातल्या समईच्या ज्योतीजवळ बोट नेऊन पाहिलं, कुठे चटका जाणवतो ते. पन्नाशी उलटून गेली होती. वडिलांचा हात शेवटपर्यंत चुकला नव्हता, पण वडील या वयापर्यंत जगलेही नव्हते. त्या चैत्रापासून ते धागा धरत तेव्हा पूर्वीची ती शांतता येईनाशी झाली. धागा काही सांगण्याच्या आतच त्यांचं मन मध्ये बोलू लागे, की नीट ऐकतो आहेस ना, नक्की ना, चुकत नाहीस ना. आणि एवढ्या गलक्यात धागा काय सांगतो ते कळत नसे.

साक्षीच्या आधीच्या दुपारी निस्तारिणी सुपात तांदूळ निवडत बसली होती. वैशाख संपत आला होता, खिडक्यांना ओले पडदे लावले होते, आणि घरात एक हिरवट अंधार होता. बैकुंठबाबू पाटावर जेवून उठले आणि तिच्या समोर भिंतीला टेकून बसले. तिला खटल्याचं फारसं माहीत नव्हतं. फक्त उद्या कोर्टात जायचं म्हणून खांद्यावर घ्यायची धुतलेली चादर काढून ठेवायला त्यांनी सांगितलं होतं. ती सहज म्हणाली, "ते सूत त्या दिवशीचंच ना? तुम्ही जेवला नव्हतात तो दिवस." कुठला दिवस, त्यांनी विचारलं. "अहो, गेल्या आषाढात. पाऊस धरून होता. मी अशीच तांदूळ निवडत होते. तुम्ही दुकानातून आलात, पाय न धुताच इथे बसलात आणि सुपातले तांदूळ घेऊन बोटात चोळायला लागलात. मला म्हणालात, हे जुने तांदूळ आहेत की नवे, बोलू नकोस, मी सांगतो. जुने म्हणालात. जुनेच होते. मग म्हणालात, मग ते कोरडं कसं लागलं? मी म्हटलं, काय कोरडं? तर उठून गेलात." ती पुन्हा सुपाकडे वळली. एक खडा तिने वेचून बाजूला टाकला. त्यांना वाटलं, आपण अंधाऱ्या जिन्यावर उभे आहोत आणि जिथे पायरी नाही असं समजून पाय टाकला तिथे पायरी निघाली.

मग ते सगळं आलं, आणि एकदम नाही, धाग्यासारखं ओढत ओढत आलं. त्या दिवशी बाजारात सगळंच दमट होतं. गादीचं कापड, पानाचा डबा, गिऱ्हाइकांच्या अंगावरची वस्त्रं, सगळ्याला एक ओला चिकटा आलेला. त्या दमटपणात त्यांनी पुडकं उघडून धागा धरला आणि तो कोरडा लागला. वाळलेल्या गवताच्या काडीसारखा. खवट वास शोधायला त्यांनी तो नाकाजवळ नेला तर नुसता कागदाचा वास आला. बोट थांबलं होतं. हो, थांबलं होतं. आणि निमाई दुकानाच्या पायरीवर बसून मुरमुरे खात वाट बघत होता. त्या क्षणी त्यांना भीती वाटली, पण ती सुताची भीती नव्हती. गेला, हात गेला, आता ओलं असताना कोरडं लागायला लागलं, असं त्यांना वाटलं. मग त्यांची नजर पुडक्यावरच्या चित्राकडे गेली. नदी, नाव, सूर्य. बुडणाऱ्याने काठ पाहावा तसं त्यांनी ते चित्र पाहिलं. नावेचं सूत आहे, नावेचं सूत कधी खोटं निघालेलं नाही, म्हणजे खोटा आहे तो हात. त्यांनी पुडकं बांधलं आणि निमाईच्या डोक्यावर चढवलं. आता, भिंतीला टेकून बसल्या बसल्या, त्यांना पहिल्यांदा जे वाटलं ते दुःख नव्हतं, आनंद होता. हात खोटा नव्हता! हात शाबूत होता! ते इतक्या जोरात उठले की निस्तारिणीने वर पाहिलं. आणि उभे राहता राहताच त्यांना कळलं की हात शाबूत होता याचा दुसरा अर्थ काय होतो. ते पुन्हा खाली बसले. ती म्हणाली, ऊन लागलंय तुम्हाला, थोडं पडा.

कोर्टातल्या त्या उंच खोलीत बाहेरच्या उन्हाचा पत्ताही नव्हता. वर मोठाले पंखे दोरीने हलत होते. त्यांची हवा खालपर्यंत येत नव्हती, कुरकुर तेवढी येत होती. बैकुंठबाबूंना पिंजऱ्यात उभं केलं, ईश्वराला स्मरून खरं सांगेन असं म्हणवून घेतलं. शेजारी दुभाष्या उभा राहिला, सडसडीत, चाळिशीचा, सर्दी झालेला. साहेबाचं इंग्रजी तो बंगालीत आणी आणि मध्ये मध्ये नाक पुसे. हॅलिबर्टनच्या बॅरिस्टरने ठरलेले प्रश्न विचारले आणि त्यांनी ठरलेली उत्तरं दिली. दोन कागद पुढे आले. त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं की मला ही चित्रं वेगळी ओळखू आली नाहीत, दुकानात कारकुनाने विचारलं तेव्हाही मी चुकलो. सूतापट्टीतली जी मंडळी मजा बघायला आली होती त्यांच्यात हशा पिकला. मल्लिकबाबू पुढच्या बाकावर समाधानाने मान हलवत होते. सगळ्यात मागे, दाराजवळ, निमाई बसला होता. त्याचीही साक्ष व्हायची होती. त्याच्या मांडीवर गुंडाळलेली ती साडी होती.

मग ग्रीकांचा बॅरिस्टर उठला. तांबूस कल्लेवाला, अगदी सौम्य माणूस. त्याने चित्रांबद्दल काहीच विचारलं नाही. त्याने दोन लडी पुढे केल्या, नुसत्या, कागद नसलेल्या, आणि विचारलं, साक्षीदार यातली हॅलिबर्टनची ओळखू शकेल का. मल्लिकबाबूंची मान हलायची थांबली. बैकुंठबाबूंनी लडी घेतल्या. अंगठा आणि ते बोट. सबंध खोली त्यांच्याकडे बघत होती आणि तरी किती दिवसांनी ती जुनी शांतता आली. मन मध्ये बोललं नाही. ही, ते म्हणाले. बरोबर होतं. म्हणजे साक्षीदार चांगला पारखी आहे? लोक म्हणतात. त्या आषाढात पुडकं उघडलं होतं? हो. सूत हातात घेतलं होतं? इथे मल्लिकबाबू खोकले. नाही म्हणणं फार सोपं होतं. ते 'नाही' तयार होतं, तोंडात आलं होतं, त्याची चवही लागत होती. त्यांनी मागे दाराकडे पाहिलं. निमाई पुढे वाकून ऐकत होता. त्याच्या चेहऱ्यावर काळजी होती, ती स्वतःची नव्हती. म्हाताऱ्याला फार छळतायत अशी ती काळजी होती.

"घेतलं होतं," बैकुंठबाबू म्हणाले.

"मग सूत वेगळं आहे हे तुम्हाला कळलं."

"हाताला कळलं होतं. मला नव्हतं कळलं."

दुभाष्याने नाक पुसलं आणि हळू आवाजात त्यांना विचारलं, "बाबू, यातलं काय सांगू साहेबांना? कळलं की नाही कळलं?" दोन्ही सांगा, ते म्हणाले. खोलीत पुन्हा हशा झाला. न्यायाधीश साहेबांनी लेखणी खाली ठेवली आणि पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट पाहिलं. त्यांनी स्वतःच विचारलं की याचा अर्थ काय, आणि साक्षीदाराने सावकाश सांगावं. मग बैकुंठबाबूंनी सांगितलं. आधीच्या चैत्रात आपण एका लडीचा नंबर चुकवला होता, तेव्हापासून आपला हात गेला असं वाटत होतं. पुडकं उघडलं तेव्हा धागा कोरडा लागला, वास आला नाही. मग चित्र पाहिलं. "चित्र इतकी वर्षं खरं निघालं होतं, हुजूर. हात नुकताच खोटा निघाला होता. दोघांत तंटा झाला तेव्हा मी चित्राच्या बाजूने निकाल दिला." दुभाष्याने ते कसंबसं इंग्रजीत नेलं. तांबूस कल्लेवाला बॅरिस्टर काही विचारायला उठला, उभा राहिला, आणि काही न विचारता बसला. हा साक्षीदार आपल्या उपयोगाचा की समोरच्याच्या, हे त्याला ठरवता येत नव्हतं. हॅलिबर्टनच्या बॅरिस्टरलाही येत नव्हतं. साहेब बराच वेळ लिहीत राहिले. बैकुंठबाबू पिंजऱ्यातून उतरले. मल्लिकबाबू त्यांच्याकडे न बघता समोर बघत होते, आणि तारक घोषाल जाता जाता कानाशी म्हणाला, "नाव बुडवलीत आमची."

निमाईची साक्ष लहानशी झाली. साडी सगळ्यांना दाखवली गेली, साहेबांनीही हात लावून पाहिली. ती संपल्यावर बैकुंठबाबू नदीकडच्या रस्त्याला त्याची वाट बघत उभे राहिले. तो टाळून जाईल असं त्यांना वाटलं होतं, पण तो आला. दोघं घाटापर्यंत चालले. ऊन उतरलं होतं, ओहोटी लागली होती, चिखलात नावा तिरप्या पडल्या होत्या. निमाईने साडीचं गाठोडं पायरीवर ठेवलं आणि शेजारी बसला. त्याला राग आला आहे की नाही हे कळत नव्हतं. तो कुठलं तरी गणित मनात पुन्हा पुन्हा मांडत असल्यासारखा बसला होता.

"काका, मी इतके महिने गावात भांडलो तुमच्यासाठी," तो शेवटी म्हणाला. "लोक म्हणायचे, बसाकला ठाऊक नसेल का? मी म्हणायचो, त्यांना ठाऊक असतं तर त्यांनी मला दिलंच नसतं. धाकट्याशी तर मी बोलणं टाकलं यावरून. गिरणीत गेला तेव्हा निरोप द्यायलाही गेलो नाही."

"मला ठाऊक नव्हतं रे," बैकुंठबाबू म्हणाले. "तेच तर सांगितलं मी."

"ते कळलं मला. त्या सर्दीवाल्यापेक्षा मला जास्त कळलं. मागावर बसल्यावर पायालाही माझ्याआधी कळतं." त्याने गाठोड्याची गाठ घट्ट केली. "पण मी तिथे पायरीवरच बसलो होतो. मुरमुरे खात. एवढं म्हणायचं होतंत, निमाई, हे मला आज कसंसंच लागतंय, माझा हात चुकत असेल, बघ बुवा. मी घेतलंच असतं कदाचित. नावेचं सूत म्हणून घेतलंच असतं. पण मग ते आपण दोघांनी घेतलं असतं."

बैकुंठबाबूंना वाटलं, याने मला चोर म्हटलं असतं तर मी कसातरी उभा राहिलो असतो. हात गेला हे निमाईसमोर बोलायचं नव्हतं, म्हणून ते गप्प बसले होते. बाकी काही नव्हतं. त्यात फायदा नव्हता, लबाडी नव्हती. लाज होती, आणि ती इतकी लहान होती की तिच्यावर दोन माग आणि एक भाऊ जातो हे कुणाला सांगूनही खरं वाटलं नसतं. निमाई उठला, गाठोडं उचललं, आणि नमस्कार न करता शांतिपूरला जाणाऱ्या नावेकडे निघून गेला. बैकुंठबाबू अंधार पडेपर्यंत तिथेच बसले. पाण्याचा, चिखलाचा, कुजलेल्या दोराचा वास येत होता, आणि त्यांचं ते बोट, कुणी न सांगता, पायरीच्या दगडावरून हळूहळू फिरत होतं.

आषाढात निकाल लागला. हॅलिबर्टन जिंकले. निकालात साहेबांनी बैकुंठबाबूंची साक्षच मुख्य धरली, असं तारक घोषाल सांगायला आला. जाणत्या माणसाचा स्वतःच्या हातावरचा विश्वास ज्या चित्राने उडावा त्या चित्राची केवढी पत, आणि ती चोरणं हा केवढा गुन्हा, अशा अर्थाचं काहीतरी त्यांनी लिहिलं होतं. "तुम्ही ते मुद्दामच तसं बोललात ना?" तारक आदराने म्हणाला. "आम्हाला तेव्हा कळलंच नाही." मल्लिकबाबूंकडून संदेश मिठाईची परडी आली. सूतापट्टीत रसिक दत्ताने सगळ्यांना सांगितलं की दादांच्या हाताला इंग्रजांनी सर्टिफिकेट दिलं. लोक पुन्हा लडी घेऊन दाखवायला येऊ लागले. बैकुंठबाबू पारख करून देत, पण आता ते एक नवंच बोलत, आणि त्याची लोकांना गंमत वाटे. "मला असं लागतंय," ते म्हणत, "पण तुम्हीही बघा." काही गिऱ्हाइकं त्यावर नाराज होत. आम्हाला कळत असतं तर तुमच्याकडे कशाला आलो असतो, असं म्हणत. मल्लिकांनी परडी पाठवली खरी, पण कोठीचा पुढचा माल त्यांनी रसिकच्या दुकानात उतरवला. पिंजऱ्यातल्या त्या 'घेतलं होतं'चा त्यांना विसर पडला नव्हता. बैकुंठबाबूंना थोडासा माल मिळाला, त्याची त्यांनी तक्रार केली नाही.

निमाई श्रावणाच्या शेवटी आला. बरोबर त्याचा धाकटा भाऊ होता, गिरणीतून सुटून आलेला, छातीत खोकला भरलेला. तो आत आला नाही, बाहेरच उभा राहिला. निमाई गादीच्या काठावर बसला, पूर्वीसारखा पायरीवर नाही, आणि म्हणाला, सूत बघायचंय. बैकुंठबाबूंनी नावेचं पुडकं उघडून त्याच्यापुढे ठेवलं. स्वतः आधी हात लावला नाही. निमाईने एक धागा तोडला, इकडेतिकडे पाहिलं, आणि पाणी मागितलं. पाण्याचा गडू आला. त्याने धागा भिजवला, आणि आता तो कशावर दाबावा म्हणून आपल्या धोतराकडे पाहिलं. ते प्रवासात मळलेलं होतं. बैकुंठबाबूंनी आपल्या खांद्यावरची धुतलेली चादर काढली आणि तिचं टोक गादीवर पसरून दिलं. शेजारून रसिक दत्त बघत होता. समोरच्या दुकानातले लोकही हातातलं काम थांबवून बघत होते, कारण बैकुंठ बसाकाच्या गादीवर बसून कुणी त्यांचा माल असा पाण्यात घालून पाहावा हे सूतापट्टीत आजवर कुणी पाहिलं नव्हतं. निमाईने ओला धागा चादरीवर ठेवून अंगठ्याने जोर देऊन घासला. उचलला. खाली चादर ओली झाली होती, पण पांढरीच होती. त्याने दुसरी लड काढली. बैकुंठबाबूंना आधी कानाच्या पाळ्या तापल्यासारखं झालं, मग ते हळूहळू निवलं. आणि तिसऱ्या लडीला तेच धागा भिजवून देऊ लागले आणि निमाई घासू लागला. चादरीचं सबंध टोक ओलं झालं. एकदा एका धाग्यापाशी निमाईचा अंगठा थांबला, त्याने तो त्यांच्यापुढे धरला, तेव्हा त्यांनी तो बोटात घेऊन फिरवला आणि म्हणाले, "चांगला लागतोय. पण अजून एकदा घास." त्याने अजून एकदा घासला.

पुडकी बांधून झाली. भावाने आत येऊन एक उचललं, निमाईने दुसरं डोक्यावर घेतलं. काका म्हणाला नाही, पाया पडला नाही. पायरी उतरून तो वळला, डोक्यावरचं ओझं एका हाताने सावरत.

"पुढच्या खेपेला," तो म्हणाला, "पांढरं फडकं मी घेऊन येईन."